क-११७

पहाटे पावणेपाचला फोन:
"मॅडम, एक होतंय. या."
बर्फाचा डबा स्कूटरच्या पायाशी दाबून
मी पाषाणहून निघते.
विद्यापीठ चौकातले सिग्नल या वेळी
नुसते पिवळे मिचकावत असतात,
संगम पुलावर स्वेटरच्या बाह्यांतून वारा आत शिरतो.

मंगळवार पेठेतलं प्रसूतिगृह.
बाळ रडून दमलेलं. आई एकोणीस वर्षांची,
तिचं नाव लिहायचं नाही, असा नियम आहे.
संमतीपत्रावर कालची सही,
शेवटचं अक्षर चौकटीबाहेर गेलेलं.

सासू, हौसाबाई, दारात आडवी:
"बाळाचं तर नाही ना काढत?"
नाही हो, बाळ केव्हाच सुटलं.
नाळेत मागे राहिलंय तेवढंच. एरवी टाकूनच देतात.
"टाकतात कुठं? आमच्यात पुरतात.
माणूस मग ती जागा सोडून लांब जात नाही."
मी काही बोलत नाही.
रक्त गोठू नये म्हणून
पिशवी हलवत राहते, पाळण्यासारखी नाही,
ताक घुसळल्यासारखी.
ऐंशी मिलिलिटर. चहाचा एक कप.
अजून गरम.

प्रयोगशाळेत अर्धा तास गरगर फिरवलं
की रक्त आपले थर उघडे करतं:
तळाशी तांबडा गाळ, वर पिवळट पाणी,
आणि मधे
धुक्याची एक रेघ.
ती रेघ श्वास रोखून उचलायची.
तिच्यात शंभरात एखादीच मूळपेशी,
अजून काहीच न झालेली.
तांबडी होईल, पांढरी होईल,
किंवा आपल्यासारखीच आणखी एक करून
गप्प बसेल.

उन्मेष खळदकर सहा बश्यांत पेरणी करतो.
पीएचडीचं पाचवं वर्ष,
घरी विचारतात "अजून किती," तेव्हा सांगतो, "पेशींना विचारा."
सदतीस अंश. चौदा दिवस. दार उघडायचं नाही.

आठव्या दिवशी बुरशी.
कुणाची बाही लागली, कोण शिंकलं,
की रात्री वीज गेली तेव्हा काही झालं,
कोण जाणे.
पाच बश्यांत नुसता कापूस.

सहावीपाशी उन्मेष बराच वेळ वाकलेला.
मग म्हणाला, "ताई, बघा जरा."
मी डोळा लावला.

बुरशीचा एक धागा,
आणि त्याच्या भोवती
या आठ दिवसांत पांढऱ्या झालेल्या,
जेमतेम दिवसभर जगणाऱ्या,
दाटीवाटीने.
एकीच्या पोटात बुरशीचा कण,
दुसरी धाग्याच्या टोकाला तोंड लावून.
यांना कुणी सांगितलं होतं?
इथे राखायला अंग नाही,
ताप चढवायला कपाळ नाही,
बाळ तर मंगळवार पेठेत दूध पितंय.

आम्ही आळीपाळीने बघत राहिलो.
"सरांना दाखवू?"
मग त्याचं त्यानेच उत्तर दिलं,
"एकाच बशीत आहे. एकाला अर्थ नसतो."

पिवळी पिशवी. एकशे एकवीस अंश, वीस मिनिटं.
वाफेला जरासा गोड वास आला.
हौसाबाई, तुम्ही परत विचारलं नाहीत,
तरी सांगते:
पुरलं नाही. उकळलं.

वहीत लिहिलं:
क-११७. सहाही बश्या दूषित. नष्ट केल्या.
आणि त्याच ओळीत पुढे
हात आपसूक लिहून गेला, "लढल्या."

उन्मेष म्हणाला, "ताई, हे असं लिहीत नाहीत."
खरंय.
या वहीचं पान फाडायचं नाही,
पांढरी शाई लावायची नाही.
एकच सरळ रेघ मारायची,
शेजारी सही, तारीख.

मी रेघ मारली. बारीक.
खोडलेलं खालून वाचता आलं पाहिजे,
असाही नियम आहे.