चार माणसांची होडी

आमच्याकडे होडी होती,
पण फक्त लग्नातल्या भाषणांत.
संसाराचं सुकाणू, आयुष्याचं शीड,
काकांनी टाळ्या घेतल्या
आणि पंगत बसली.
सुकाणूला बिजागरी असते
आणि ती गंजते,
हे मला एक्केचाळिसाव्या वर्षी कळलं,
भोपाळला, बाथमजींच्या पत्र्याच्या शेडमध्ये,
एका होडीच्या पोटाखाली उताणी पडून.

उपेंद्रनं वहीत लिहिलं होतं: साठ हजार.
खाली पेन्सिलीनं: फार तर सत्तर.
त्याखाली माझ्या अक्षरात: साठ.

पहिली लाकडी. देखणी.
बाथमजींनी तिच्या तळाला बोट लावलं,
बोट आत गेलं.

दुसरी सडपातळ, शर्यतीतली.
ओजस तिच्यात बसलाही,
न आलेल्या वाऱ्यात डोळे बारीक करून.
स्वस्त होती, संशय यावा इतकी.
"ही उलटते," बाथमजी म्हणाले,
"उलटायलाच केलीय. पोरं उलटतात, हसतात,
सरळ करून परत चढतात."
मी कुमुदआत्यांकडे पाहिलं.
त्या डब्यातली पोळी दुमडत होत्या.
त्यांना ऐकू आलं नव्हतं,
किंवा आलं होतं.

तिसरी कोपऱ्यात,
अंड्यांवर बसलेल्या कोंबडीसारखी ऐसपैस,
बारा फूट, फायबरची, कधीकाळी पिवळी,
बुडाला दोन ठिगळं, शिडाला एक,
आत कुणा मुलाच्या नखानं कोरलेलं अर्धवट नाव.
"हिला घाई नाही. माणसं किती?"
चार, उपेंद्र म्हणाला.
पाच, रेवा म्हणाली.
"ही चारांची आहे, बिटिया."
मग सगळं वजनावर आलं.

शेडमागे भंगाराचा काटा होता.
एकेक जण चढलो,
बाथमजी मोठ्यानं वाचत गेले.
उपेंद्र त्यानं सांगितल्याहून नऊ किलो जास्त.
माझा आकडा मी सांगत नाही.
आत्या चपला काढून चढल्या,
देवळाच्या पायरीवर चढावं तशा,
पिशवी हातातच.
अडतीस.
बाथमजींनी काट्याला एक चापट मारली.
अडतीस, पिशवीसकट.

दिवाळीपासून मीच त्यांच्या ब्लाउजांना
आतून टाके घालत होते,
आणि म्हणत होते,
हा नवा शिंपी माप नीट घेत नाही.

"मग काय, पाच बसतील!"
बाथमजींना खरंच आनंद झाला.
आत्यांनाही झाला असावा,
त्यांनी लगेच विचारलं,
मी कुठल्या बाजूला बसू?

बासष्टला ठरली. वल्ही वरून फुकट.
वरचे दोन हजार आत्यांनी दिले,
रुमालाची गाठ सोडून,
आणि माझ्याकडे न बघता.

टेम्पोत ती पालथी,
डोलकाठी मागे बाहेर, टोकाला लाल फडकं.
देवासच्या टोलवरच्या पोरानं खिडकीत वाकून विचारलं,
"भिया, इंदूरला पाणी कुठाय?"
उपेंद्र त्याला यशवंतसागर समजावत बसला,
हातोदचा रस्ता, गंभीर नदी, सगळं,
मागे हॉर्न वाजत होते.

परवानगीचा अर्ज कुठल्याशा टेबलावर आहे.
आत्यांचा रिपोर्ट गुरुवारी.
शीड गच्चीवर वाळत घातलं तेव्हा
शेजारच्या खंडेलवालांनी विचारलं, कुणाचं लग्न?

होडी पोर्चमध्ये आहे, स्कूटरच्या जागी,
चार विटांवर.
संध्याकाळी आत्या तिच्यात
मधल्या फळीवर बसून मटार सोलतात.
सालं एकाच बाजूला पडत जातात.
रेवा झोपाळ्यावरून ओरडते,
आत्याआजी, कलतेय, कलतेय!
आणि त्या पातेलं उचलून,
जराही न हसता,
दुसऱ्या बाजूला सरकतात.