कल्ला उचलून

माझा अंगठा फोनला ओळखू येत नाही.
चाळीस वर्षं जागाल्चीच्या बाजारात
बर्फात, खाऱ्या पाण्यात, खवल्यांत घासून
त्याच्यावरच्या रेघा गेल्या.
बँकेत कागदावर उठवला
तेव्हाही नुसता निळा डाग आला,
आणि खिडकीतली पोरगी म्हणाली,
आजी, पुन्हा एकदा.

शेजारच्या ठेल्यावरच्या जोम-रेने नवा घेतला.
तो तोंड बघून उघडतो.
फोन जणू सासू,
ही त्याला दिवसातून शंभरदा सूनमुख दाखवते
आणि उघडला की माझ्याकडे बघते.
मी गिऱ्हाइकाशी बोलत राहते.

शेवटी एका दुपारी, बाजार ओसरल्यावर,
गमबूट न बदलताच गेले दुकानात.
हान-गिओल नावाचा मुलगा, चोविशीचा असेल.
माझ्या वासाने त्याने नाक मुरडलं नाही,
हे आधी सांगते.
मग सुरू झाला:
कॅमेरा असा, काच तशी,
बॅटरी दोन दिवस, वजन तर काहीच नाही.
मी म्हटलं, किंमत?
त्याने ती महिन्यांत सांगितली. छत्तीस महिने.
आम्हीही
अख्खा मासा गिऱ्हाइकाला महाग वाटला
की तुकडीचा भाव सांगतो.

पिशवीत एक वाकटी होती,
परवाची, न खपलेली, घरी शिजवायला ठेवलेली.
त्याच्या पांढऱ्याशुभ्र काउंटरवर कागद पसरून
मी ती आडवी ठेवली.
म्हटलं, काढ फोटो.
आधी माझ्या फोनने. मग तुझ्या.

माझ्यात ती होती तशी आली.
करडी, पोटाशी पिवळट,
डोळा खोल गेलेला.

नव्यात
लखलखली.
पाठीवर बुसानचा अख्खा समुद्र परत आला,
डोळ्यात थेंबभर उजेड,
वाटावं, आत्ता बोटीवरून उतरली
आणि अजून शेपटी आपटतेय.

बघा! तो म्हणाला.
मी बघतच होते.

शिळ्यावर पाणी मारून ताजं म्हणून
मी कधी विकलंच नाही, असं नाही.
दोनदा.
एकदा मुलीच्या फीसाठी,
एकदा उगीच.
दोन्ही वेळा पाणी मारणारा हात माझा होता,
रात्री झोपताना तो कुठे ठेवावा कळेना.
पण या वाकटीवर पाणी मारलं कुणी?
मी नाही.
तो पोरगाही नाही.

ताजं-शिळं बघायचं तर
आम्ही कल्ला उचलतो. आत लाल असेल तर घ्या,
तपकिरी असेल तर पुढे चला,
मालकीण किती का गोड बोलेना.
मी नवा फोन पालथा केला,
कडेकडेने नख फिरवलं.
कुठे फट नाही, कुठे झाकण नाही.
काय शोधताय, आजी?
म्हटलं, बाबा, याचं रक्त कुठे दिसतं?

तो हसला.
मग मॅनेजर आत गेल्यावर हळूच
स्वतःचा फोन खिशातून काढला.
चार वर्षांचा. कोपऱ्यात तडा, वर चिकटपट्टी.
मी नाही घेतला अजून, म्हणाला.

हा कल्ला.
चांगला लालभडक.

त्याने माझ्या जुन्याची बॅटरी बदलून दिली,
मग माझी दहाही बोटं
उजेडात धरून एकेक तपासली,
मी कोळंबी निवडते तशी.
डाव्या हाताची करंगळी तेवढी निघाली,
सुरी धरताना आपली बाजूला राहणारी,
आयुष्यभर कामचुकार.
तिच्या रेघा शाबूत.
आता फोन तिला ओळखतो.
मला ओळखतो म्हणायचं का, माहीत नाही.

जोम-रे विचारते, मग कधी घेतेस?
करंगळी झिजली की, मी म्हणते.

वाकटी त्याच रात्री मुळा घालून शिजवली.
मऊ पडली होती,
तिखट जरा जास्त घातलं.
दुकानातल्या त्या फोनात मात्र
ती अजून शेपटी आपटत असेल.