नळ

टाऊन हॉलात शाल, नारळ,
सन्मानचिन्हावर 'वैरागाडे', एक काना जास्तीचा.
नऊ रस्ते, दोन बगिचे वाचून दाखवले.
जरीपटक्यामागचा नळ
यादीत नव्हता, ताई.

घोटकीहून आलेल्या सहा घरांत
एकही कागद धड नव्हता.
अर्ज कोणाच्या नावे? मी विचारलं होतं.
"लिही ना बाप्पा माझ्या,"
अन् तुम्ही पुढच्या फायलीकडे वळलात.

भाषणं संपली. मी पंखे बंद करत होतो.
फाटकाशी हरदेवी उभी,
ओढणीच्या गाठीत चिल्लर.
तुमची मुदत संपली
हे तिला कोणी सांगितलं नसावं, किंवा सांगितलंही असेल.
"बिल तर तुमच्याच नावानं येतं," म्हणाली.

तुम्ही पैसे मोजून घेतले,
नारळ तिला दिला.
शाल मात्र घट्ट ओढून घेतलीत.
थंडी होतीच तशी.