समास

कुकुता शहराच्या नोंदणी कार्यालयात
दारापासून तिसरं टेबल माझं.
पंखा आहे, पण वारा पहिल्या दोघींनाच पुरतो.
माझ्याकडे येतात नुकती जन्मलेली माणसं
आणि त्यांना उचलून आणणाऱ्या बाया,
पुलावरून आलेल्या, पुलाखालून आलेल्या.

पुलाखालून म्हणजे नदीतून.
कोणत्या वाटेनं आलात, असा रकाना अर्जात नाही.
मी विचारत नाही. चपला बघते.

त्या दिवशीची बाई बार्किसिमेतोची. योलिमार.
केस कानाच्या वर, वेडेवाकडे कापलेले.
पुलाच्या तोंडाशी केस विकत घेणारे उभे असतात,
त्यांची कात्री आता मला ओळखू येते.
बाळ अकरा दिवसांचं. मुलगी.
दवाखान्याच्या कागदावर निळ्या शाईत तिचं पाऊल,
माझ्या अंगठ्याहून थोडंसंच मोठं.

नाव?
"दार्योलीस."
पुन्हा सांगा.
"दार्विनमधला दार्, योलिमारमधलं योली.
आणि शेवटी स, तो माझ्या आईला आवडतो म्हणून."
आईबापांनी आपल्या नावांचा समास केला होता
आणि त्यात मुलीला निजवलं होतं.
दार्विन कुठं असतात?
"पेरूत. किंवा अजून वाटेत."

जन्मस्थळ कुकुता.
दवाखाना इथून चार चौक; गच्चीवरून त्याची टाकी दिसते.
वजन दोन किलो सातशे.
सगळं खरं, सगळं सहीनिशी.
मग मी खणातून तो लांबट शिक्का काढला
आणि दाखल्याच्या समासात दाबला:
राष्ट्रीयत्वाच्या पुराव्यासाठी ग्राह्य नाही.

तिनं बोट फिरवत वाचलं.
"मग कशाच्या पुराव्यासाठी?"
जन्म झाला, याच्या.
"ते मला ठाऊक आहे, बाई. मी होते तिथं."

मी तिला नियम सांगितला,
जसा सगळ्यांना सांगते, पंख्याकडे बघत.
आमचा कायदा म्हणतो, नुसतं इथं जन्मून भागत नाही,
आईबापांपैकी एकाचं तरी बस्तान कायद्यानं इथं हवं.
तुमचा कायदा म्हणतो, लेक आमचीच,
फक्त वकिलातीत येऊन नोंद करा.
वकिलातीला कुलूप आहे.
कुलूप गंजू नये म्हणून
कुणीतरी त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधून गेलंय.

तिला सांगितलं नाही ते असं:
माझा थोरला भाऊ पलीकडे जन्मला, सान क्रिस्तोबालला.
तेव्हा नदी तीच होती, माणसं उलटी वाहत होती.
आई तिथं लोकांचे कपडे धूत असे.
भावाचा दाखला अजून घरी, बिस्किटांच्या डब्यात आहे.
त्याचा समास कोरा आहे.
मी तपासलाय. एकदा नाही.

ऑगस्टमध्ये बोगोताहून परिपत्रक आलं,
त्यामागून नवा शिक्का, लाकडाला ताजा वास.
शब्द तेच. शेवटी फक्त
नाही-च्या जागी आहे.
जुना खोडायचा नाही, त्याच्याखाली हा मारायचा.
आठवडाभर आम्ही तिघी रजिस्टरं उलटत बसलो.
बोटं जांभळी झाली, भाताला शाईचा वास येऊ लागला.
शुक्रवारी दार्योलीसचं पान आलं.
नाही.
त्याखाली, जरा तिरकं, कारण हात दुखत होता:
आहे.

तिनं दिलेला नंबर लावला.
एका पुरुषानं उचलला, मागे ट्रकचा भोंगा.
म्हणाला, हे कार्ड मी जूनमध्ये विकत घेतलं,
कुठली योलिमार?

चार महिने झाले. पोर आता पालथी पडत असेल,
कुठल्या तरी सतरंजीवर,
कुठल्या तरी चौकीच्या अलीकडे, नाहीतर पलीकडे.
आणि तिची आई तोच जुना कागद
घामानं भिजू नये म्हणून
पोटाशी पिशवीत बांधून चालत असेल.

नवी प्रत मी तारीख घालून खणात ठेवली आहे.
कधी आलीच तर
चौकीदाराला सांगून ठेवलंय,
केस कितीही वाढलेले असोत:
दारापासून तिसरं टेबल.