रकाना चौदा

म्हापशात शुक्रवारी फॉर्म भरून होत नाहीत,
बाजार माणसाला उभं राहू देत नाही.
म्हणून मी सोमवारी येते,
डिचोलीहून साडेसातच्या कदंबनं,
पिशवीत चाळीस कोरे फॉर्म आणि दोन पेन्सिली.
पेन नको. खोडता आलं पाहिजे, असं साहेब म्हणतात.

रकाना चौदा : ताशी वेतन, रुपयांत.

ताशी कुणालाच माहीत नसतं.
महिन्याचं माहीत असतं, उचल किती घेतली ते माहीत असतं,
पगार कितव्या तारखेला होत नाही ते तर पाठ.
शॅकवर वाढणारा मिंगेल म्हणाला,
बाय, ऑक्टोबर ते मे मी वेटर,
जूनपासून मी आईचा मुलगा.
भागायचं कशानं, आठानं की बारानं?

कळंगुटच्या स्पामधली लालरिनपुई,
छातीवरच्या पट्टीवर मात्र रीना,
म्हणाली, तास विकला गेला तर पैसे.
आणि नाही विकला गेला?
तर तो माझ्याकडेच राहतो.
असं म्हणून तिनं टॉवेलाची घडी
पुन्हा मोडली, पुन्हा घातली.
मी रकान्यात एक टिंब दिलं
आणि पुढे काय लिहायचं ते सुचेना.

बसाप्पा भेटला तो बदलीचा माणूस उशिरा आला म्हणून.
एटीएमबाहेर प्लास्टिकची खुर्ची,
तिचा एक पाय सुतळीनं बांधलेला,
रात्री आठ ते सकाळी आठ.
साडेतेरा हजार. सुट्टी नाही.
त्याच्यासमोरच भागाकार मांडला,
आधी तिसानं, मग बारानं.
साडेसदतीस.
त्यानं आकडा एकदा कानडीत म्हणून पाहिला,
मग विचारलं, नुसतं बसणं पण धरलं ना यात?
धरलं.
आणि डास?

पणजीत साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.
सगळीकडे आठच तास धरा हो, कायद्यात आठ आहेत,
बारा टाकलं की कॉम्प्युटर चौकट लाल करतो.
आठानं भागलं : सव्वाछप्पन्न.
इतकी पगारवाढ कुणी कुणाला
एका खोडरबरात दिली नसेल.

मी खोडलं.
कागद पातळ. खाली साडेसदतीस दिसत राहिले.

पंधरा दिवसांनी बसाप्पा मार्केटच्या कोपऱ्यावर,
हातात चहाचा ग्लास.
बाई, तुम्ही भलतंच शिकवून गेलात.
हा चहा चोवीस मिनिटांचा.
माशाची थाळी पाच तासांची, बारा मिनिटं कमी.
पोरीचं दप्तर दोन रात्री.
आता रस्त्यानं चाललो तरी
दुकानातल्या प्रत्येक वस्तूला घड्याळ बांधलेलं दिसतं.
हसत होता.
पण चहा त्यानं फुंकर न घालता,
घोट घोट, इकडे तिकडे बघत घेतला,
चोवीस मिनिटं पुरेल असा.

मार्चमध्ये अहवाल निघाला.
खाजगी सेवा क्षेत्र, ताशी सरासरी,
दोन दशांश स्थळांपर्यंत नेटकी.
बसाप्पा त्यात आहे म्हणे, मिंगेल आहे, ते टिंबही असेल.
मी खूप वेळ त्या आकड्याकडे पाहिलं.
सरासरीला डास चावत नाहीत.

परतीच्या बसमध्ये, अस्नोडा मागे पडल्यावर,
तिकिटाच्या पाठीवर मी माझंही मांडायला घेतलं.
फॉर्ममागे साठ. दिवसाला सात होतात,
कधी पाच, दार बंद असलं तर तीन.
दारात ताटकळणं धरायचं का?
बसची वाट? ही खिडकी?
डिचोली येईस्तोवर एक आकडा आला.
चुकलाच असेल म्हणून पिशवीत हात घातला,
तर पेन्सिली दोन्ही होत्या,
खोडरबर साहेबांच्या टेबलावर राहिलं होतं.