सत्त्याण्णव अंश

फ्रेम दोनशे बारा. चारशे ऐंशीपैकी.
धायरीत रात्रीचे सव्वाअकरा, एप्रिल,
गच्चीचा स्लॅब दिवसभराचं ऊन
अजून फेडतोय हप्त्याहप्त्याने,
आणि टेबलाखाली प्रोसेसर सत्त्याण्णववर.

मी सावली रेंडर करतेय.
‘शीतलबन’, फेज दोन, ताथवडे.
पाया खणायचाय अजून, पण सोमवारपर्यंत
बिल्डरला हवंय झाडाखालचं बाक,
बाकावर पानांमधून गळणारे कवडसे,
आणि यंत्र मोजतंय त्यातला एकेक.
एवढ्याशा गारव्यासाठी
इतकं तापावं लागतं!

सत्त्याण्णवला तो आपला वेग पाडतो.
चिडत नाही, बंद पडत नाही,
नुसता हळू होतो, न सांगता.
नोकरीच्या शेवटच्या वर्षी बाबा
असेच यायचे फॅक्टरीतून,
चपला काढायलाही वेळ लागायचा.

आधी बाजूचा पत्रा काढला. पाच अंश उतरले.
मग समोर टेबलफॅन. तीन अंश, आणि डोळ्यांत धूळ.
जाळीतून ब्रशने ओढून काढली पाच वर्षं:
सिंहगड रोडवरच्या पुलाचं काम, माझे केस,
उदबत्तीची राख. राखाडी नमदा झाला होता,
एखाद्या बाहुलीची टोपी बेतता आली असती.
व्होल्टेज थोडं खाली ओढलं,
भाताखालचा गॅस बारीक करतात तसं.
अठ्ठ्याऐंशी.
तासाभरात पुन्हा चौऱ्याण्णव.

दुसऱ्या दिवशी तपकीर गल्ली, भर दुपारी.
‘वाटाण्याएवढी,’ हुझैफाभाई म्हणाले,
पेस्टची सिरिंज वर्तमानपत्रात गुंडाळत,
‘पुरीवर श्रीखंड फासताय असं नको.
आणि जुनी पूर्ण पुसा. पूर्ण म्हणजे पूर्ण.’

रात्री यंत्र आडवं केलं चटईवर.
कूलरचे चार स्क्रू. कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात,
थोडा थोडा पीळ, आळीपाळीने.
बाबांनी असेच कसले होते, मला शेजारी बसवून.
खडकीला एकतीस वर्षं फिटर.
‘घाई केलीस की एक बाजू बसते, एक उठते,’
एवढंच बोलले होते त्या संध्याकाळी.

कूलर निघाला.
तांब्याच्या गुळगुळीत बुडावर
चिकटलेला एक पारदर्शक कागद.
त्यावर लाल अक्षरांत, वाळक्या पेस्टमधून अर्धवट:
हा काढून मगच बसवा.

मी हसले. मग नाही हसले.
आमच्याकडे रिमोट अजून पिशवीत आहे.
फ्रिजच्या दांड्याला कंपनीचं प्लास्टिक,
स्कूटरची सीट फाटली तीसुद्धा
प्लास्टिकच्या आतल्या आत.
नवं ते नवं राहावं जमेल तितके दिवस,
दुसरं कारण त्यांनी कधी दिलं नाही.
पाच वर्षं त्या कागदाआडून
कसाबसा तापत राहिलेला माझा संसार,
आणि स्क्रू मात्र चारही
काट्यावर काटा, सारख्या पिळाचे.

नखाने कोपरा उचलला. निघाला सालीसारखा.
स्पिरिट. त्यांच्याच जुन्या बनियनचा तुकडा.
वाटाण्याएवढी.
आडवे तिडवे चार पीळ.

सगळा भार टाकला. चौसष्ट. अडुसष्ट.
एकाहत्तर, आणि तिथेच.
मी पत्र्यावर तळहात ठेवून बसले बराच वेळ,
ताप उतरलाय का बघतात तशी.

सकाळी सहाला फोन.
‘मशीन चालतंय ना?’
‘चालतंय.’
‘तापतबिपत नाही ना? घट्ट बसवलाय मी तो.’
‘घट्टच होता, बाबा.’
जरा थांबले. मागे कुकरची शिट्टी.
‘आई म्हणत होती तपकीर गल्लीत गेलीस.’
‘केबल हवी होती एक.’
‘जपून वापर,’ म्हणाले, ‘प्लास्टिक लगेच काढू नकोस.’

फ्रेम तीनशे चार.
सावली बाकाच्या पाठीपर्यंत आलीय.
बाक रिकामं ठेवायचंय, तशी सूचना आहे.