मागे कोण नाय

बर्फाच्या बंद कारखान्यात खेळतो आम्ही, रात्री आठनंतर,
वेंगुर्ल्याच्या बंदराला लागून.
नेट म्हणून बांगड्याचं जुनं जाळं.
दमट हवेत अजून वास मारतं.

मंगळवारी, अठरा-सोळावर,
ड्रॉप उचलायला मी पुढे झेपावलो
आणि मागून कुणीतरी लाथ घातली,
टाचेच्या जरा वर.
वळलो. शिवी तोंडात तयार.
"माका कोणी मारल्यान?"
बावतीस पार मागच्या रेषेवर, रॅकेट खाली.
"मागे कोण नाय रे," म्हणाला.

रेडकर डॉक्टरीण पोटरी दाबून
पावलाकडे बघत राहिली.
पाऊल ढिम्म.
"दोर तुटलाय," एवढंच बोलली.

मी बंदरावर वाढलेला.
दोर एका झटक्यात तुटत नाही, मला ठाऊक आहे.
आत एकेक पीळ सुटत असतो.
महिनाभर पलंगावरून उतरताना
टाच कुरकुरायची;
चार पावलं चालवून मी तिला गप्प करायचो,
आणि उभादांड्याहून स्कूटरवर
थेट कोर्टात.

आता पाय प्लास्टरमध्ये, खुर्चीवर, पाहुण्यासारखा.
मुकादम येऊन बसतो.
त्याचं कोपर जूनपासून
नारळ खवू देत नाही, असं तो घरी सांगतो.
स्मॅश मारू देतं.

भिंतीवर बावतीसने कोळशाने लिहून ठेवलंय
१८–१६.
पुसू देत नाही कुणाला.
सर्व्हिस कुणाची होती,
त्यावरून मात्र अजून भांडतात.